जैन चुलीची शेव

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. डायरी आमच्या किराणा दुकानात आलेली, खताच्या कंपनीची, चार महिने कोरी पडली होती.

आज सकाळी अकरा वाजता करारावर सह्या झाल्या. एका बाजूला मी, रक्षा महावीर. दुसऱ्या बाजूला शोभाबाई नथ्थू पाटील, मूळ राहणार ब्राह्मणपुरी, हल्ली मुक्काम विसरवाडी, बसस्टँडमागची खोली. नथ्थूभाऊ स्टँडवर गाड्यांच्या नोंदी ठेवतात. शोभाताईंनी बारा वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. ती नोकरी त्यांनी गेल्या आठवड्यात सोडली, माझ्या शब्दावर.

हॉटेलचं नाव 'दोन चुली'. आमच्या घरापुढचं गोदाम रिकामं होतं, हायवेला लागून. एका ओट्यावर खानदेशी चूल: कांदा, लसूण, काळा मसाला. दुसऱ्या ओट्यावर जैन चूल, तिथे कंदमुळाला प्रवेश नाही. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, फडकीसुद्धा वेगळी. सुरतेहून येणाऱ्या यात्रेच्या बसेस इथूनच जातात आणि जैन माणूस डब्यातले खाकरे खात खिडकीशी बसून राहतो. हे मी चोवीस वर्षं ओसरीवरून बघते आहे.

करार रिषभने तयार करून पाठवला. पोरगा पुण्यात सीए करतो, अजून पास व्हायचाय, पण कलमं अकरा. सातवं कलम मी सांगून घालून घेतलं: जैन चुलीवर लागणारा सगळा किराणा आमच्याच दुकानातून येईल, बाहेरचा कणही नाही. कारण सासूबाई. बाईजींनी, म्हणजे दाखूबाईंनी, वयाच्या अठराव्या वर्षी लसूण-कांदा सोडला, आता एकोणऐंशीच्या आहेत. सुनेला त्या बीनणी म्हणतात. त्यांनी एकच विचारलं, "बीनणी, जबाबदारी कुणाची?" मी म्हटलं, माझी. काही घोटाळा झाला तर त्याच दिवशी हॉटेलला कुलूप, असंही ठरलं.

शोभाताईंना म्हटलं, वाचून घ्या. त्या म्हणाल्या, "वाचानी काय गरज शे, भाभी? तुम्ही लिखं म्हंजे चांगलंच लिखं व्हई." आणि सही केली. मला बरं वाटलं. थोडं अडाणीपणाचंही वाटलं.

६ मे

दुकानातून पहिला माल आला. शोभाताईंनी प्रत्येक पिशवी उघडून नाकाशी धरली. ही त्यांची सवय दिसते. शेवेची पिशवी दोनदा हुंगली.

"भाभी, हाई शेव कठेन उनी?"

"आमच्या दुकानातली."

"तुम्हना घरमा हाईज खातस का?"

"घरात बाईजी स्वतः करतात, सणावाराला. पण ही आमच्याच दुकानातली आहे."

"बाई बी आठे जेवतीन का?"

"जैन चुलीवरचं जेवतील. त्यांनी तसं कबूल केलंय. का?"

"काही नही. मंग ठीक शे."

माल पसंत पडला म्हणायचा.

१९ मे

दिवसाला चाळीस-पन्नास ताटं. जैन चुलीची शेवभाजी सगळ्यात जास्त जाते, हे मला वाटलं नव्हतं. बाईजींना रोज सूर्यास्ताआधी, साडेपाचला ताट आत जातं. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत. आज वाटी परत पाठवली ती पुसल्यासारखी होती.

मीही चाखली. लसणाशिवाय एवढी चव कशी येते ते कळत नाही. विचारलं तर शोभाताई म्हणतात, "हातनी गोडी." हे काही उत्तर नव्हे. एखाद्या गोष्टीचं प्रमाण कागदावर असलेलं बरं. उद्या त्या आजारी पडल्या तर?

काम करताना गाणी म्हणतात, आखाजीची, झोक्यावरची. आवाज मोठा आहे. ट्रकवाले ऐकत बसतात आणि जास्तीची भाकरी मागवतात, म्हणून मी काही बोलत नाही.

२ जून

स्टँडवर पार्सल घ्यायला गेले होते. नथ्थूभाऊ भेटले. हसत म्हणाले, "भाभी, तुम्हनं हॉटेल सुरू व्हयनं नि मन्ही झोप गयी. रोज पहाटमा पाच वाजाले घरमा कढई चढस."

मी हसले आणि निघाले. वाटेत विचार आला, पाच वाजता घरी कढई कशाला? हॉटेल तर नऊला उघडतं. दोघांच्या न्याहारीला रोज तळण कोण करतं?

१४ जुलै

चातुर्मास लागला. पालेभाज्या बंद, त्यामुळे जैन चुलीवर शेवभाजी, बेसनाचे गट्टे आणि डाळ एवढंच. बाईजींचं एकच जेवण चालू आहे.

आज साठा तपासला. जैन चुलीच्या शेवेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. दर सोमवारी दुकानातून पाच किलो येते आणि डबा कधी रिता होत नाही. उलट खानदेशी चुलीची शेव आठवडा पुरण्याएवढी येत नाही, तरी ती जास्तीची मागवावी लागत नाही. शेवभाजी मात्र जैन ओट्यावरची जास्त विकली जाते. हिशेबाची वही मी लग्नाआधीपासून लिहिते. यातलं काही जुळत नाही.

रिषभला फोन केला. तो म्हणाला, "मम्मी, पार्टनरशिपमध्ये भावनेवर नको जाऊ, रेकॉर्डवर जा." त्याला अजून दाढी नीट येत नाही, पण बोलतो वकिलासारखा.

२५ जुलै

शोभाताई येताना कापडी पिशवी आणतात, हे आधीही पाहिलं होतं. आज लक्ष दिलं. आत स्टीलचा मोठा डबा. आल्या आल्या तो जैन ओट्याखाली, पिठाच्या पिंपामागे सरकवतात. जाताना पिशवी हलकी दिसते. म्हणजे काहीतरी येतं. मी इतके दिवस समजत होते, काहीतरी जातं.

त्यांच्या उजव्या मनगटावर तेलाचा चटका आहे. नखांत डाळीचं पीठ. पीठ आमच्या जैन ओट्यावर आज भिजवलेलंच नव्हतं.

माझ्या मनात आलं ते लिहून ठेवते: ती चव काळ्या मसाल्याची आहे. घरून काहीतरी करून आणतात आणि जैन भाजीत टाकतात. चांगलं व्हावं म्हणून टाकत असतील. पण बाईजी रोज साडेपाचला ते जेवताहेत आणि शब्द मी दिला आहे. चोवीस वर्षं मी महावीरची मिसेस होते. आता बसवाले 'भाभीचं हॉटेल' म्हणतात. ते जाईल.

सरळ विचारावं का? विचारलं तर नाही म्हणतील. आधी पुरावा हवा.

३ ऑगस्ट

स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. मोबाईलवर दिसतं.

"हाई काय शे, भाभी?"

"चोरांसाठी."

"आठे काय चोरतीन? कढई?" त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि कणीक मळायला लागल्या.

९ ऑगस्ट

सहा दिवसांत त्यांनी एकही गाणं म्हटलेलं नाही. ट्रकवाल्यांनी विचारलं, बाई आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, काम जास्त आहे.

भाकरीची मागणी कमी झाली.

२१ ऑगस्ट

पर्युषण चालू आहे. बसवर बस. काल एकशे तीस ताटं.

आज मोबाईलवर पहिल्यांदा नीट दिसलं. नऊ वाजून बारा मिनिटं. शोभाताई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहतात, ओट्याखालून डबा काढतात आणि उकळत्या रश्शात मुठीमुठीने शेव सोडतात. आमचा डबा शेजारीच आहे. त्याला हात लावत नाहीत. मग आमच्या डब्यातली शेव परातीत काढून खानदेशी ओट्यावर नेतात. पाच वाजताच्या कढईचा उलगडा झाला, त्यात काय घालतात याचा नाही.

बाहेरचा माल जैन चुलीवर. सातव्या कलमाचा सरळ भंग.

रिषभ म्हणाला, व्हिडिओ सेव्ह कर, आठ दिवसांची नोटीस दे. मी म्हटलं, पर्युषणात कुणाशी कटुता नको. शेवटच्या दिवशी संवत्सरीची क्षमापना होऊ दे, मग विषय काढते. तोपर्यंत बाईजींच्या ताटात मी फक्त डाळ पाठवते. त्यांनी विचारलं, "शेवभाजी क्यूं नहीं?" मी म्हटलं, संपली.

२९ ऑगस्ट

संवत्सरी झाली. 'मिच्छामि दुक्कडम्, जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी' हा संदेश दोनशे चौदा जणांना एकदम पाठवला. यादीत शोभाताईंचं नावही होतं. त्यांचा लगेच अंगठा आला.

सगळं रीतीप्रमाणे झालं. मन मोकळं झालं. उद्या बोलते.

३० ऑगस्ट, शनिवार

बोलले. संध्याकाळी पाचला, गिऱ्हाईक कमी असताना. बाईजी आतल्या दारात खुर्चीवर माळ जपत बसल्या होत्या. म्हटलं, बरं झालं, साक्षीदार आहे.

"ही शेव कुठली, शोभाताई?"

"मन्हा घरनी शे."

"आपली शेव असताना घरची का?"

त्यांनी एकदा बाईजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मन्हा हातले हाईज जमस, भाभी."

"त्यात काय घालता?"

"डाळनं पीठ, हळद, तिखं, ओवा. दुसरं काहीच नही. देवनी आण."

"करारातलं सातवं कलम माहीत आहे?"

"नही. तुम्ही वाची दखाडं नही नि मी इचारं नही."

मी नोटीस पुढे केली. ही मात्र त्यांनी वाचली. सावकाश, बोट ठेवून. दुसऱ्यांदा वाचली. मग घडी करून कंबरेला खोचली आणि म्हणाल्या, "ठीक शे." आवाज चढवला असता, रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वसतिगृहात त्यांच्या जागी दुसरी बाई लागली आहे, हे मला माहीत होतं.

७ सप्टेंबर, रविवार

शेवटचा दिवस. शोभाताईंनी दोन्ही ओटे घासले, पळ्या आपापल्या खिळ्याला लावल्या. जाताना स्टीलचा डबा गल्ल्यावर ठेवला. काठोकाठ शेव.

"हाई शेव आठ-धा रोज पुरी. बाईना ताटमा हाईज टाका, भाभी. तुम्हना पाया पडस, हाईज टाका."

मी डब्याला कागद चिकटवला, तारीख घातली आणि वरच्या फळीवर ठेवला. रिषभ म्हणाला होता, पुरावा राहू दे, वेळ पडली तर तपासून घेता येईल.

जैन चूल उद्यापासून मी सांभाळणार. खानदेशी ओट्यासाठी कालीबाई नावाची एक बाई नवापूरहून येईल.

९ सप्टेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

आज मी शेवभाजी केली. रस्सा शोभाताईंसारखाच. शेव आपल्या डब्यातली, दुकानची, सातव्या कलमाप्रमाणे. स्वयंपाकघरात दिवसभर पलीकडच्या ओट्याचा लसूण असतोच, त्यामुळे मला वेगळा वास जाणवला नाही. साडेपाचला ताट स्वतः आत नेलं.

बाईजींनी पहिला घास घेतला. चावला नाही. तसाच तोंडात धरून बसल्या. मग उठल्या, मोरीत गेल्या आणि थुंकल्या. पाच-सहा वेळा चूळ भरली. परत येऊन ताटापासून लांब बसल्या.

"बीनणी, इणमें लसण है."

मी म्हटलं, शक्यच नाही. आपल्याच दुकानची शेव आहे. आज दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही.

तशीच पिशवी घेऊन दुकानात गेले. यजमान गिऱ्हाईक करत होते. मागच्या खोलीत शेवेचं मोठं पोतं असतं, त्यातून किलो-किलो तोलून देतात. मी पोतं फिरवलं. मागच्या बाजूला हातभर अक्षरांत छापलेलं: लसूण शेव.

"ही कधीपासून?"

"पहिल्यापासून. या भागात लसणाशिवाय शेव खपते का?"

"आणि मला हॉटेलला हीच देत होतात?"

"तुझ्या चिठ्ठीवर 'शेव पाच किलो' एवढंच असायचं. जैन चुलीसाठी आहे हे मला कुणी सांगितलं? आपण विकतो, रक्षा. खातो कुठे?"

चोवीस वर्षं त्या दुकानाच्या मागे राहते. पोत्याची मागची बाजू कधी पाहिली नव्हती. आमच्या दुकानची, एवढंच पुरलं होतं.

घरी आले आणि वरच्या फळीवरचा डबा काढला. माझ्याच हाताने चिकटवलेला कागद फाडून बाईजींपुढे ठेवला. त्यांनी एक काडी उचलली, हुंगली, जिभेवर ठेवली. खाल्ली. आणखी एक घेतली.

"इणमें कोनी," म्हणाल्या. यात नाही.

मग डब्याचं झाकण त्यांनी स्वतः लावलं. उद्यापासून तीन उपवास करणार आहेत, प्रायश्चित्त म्हणून. मी म्हटलं, चूक माझी, उपवास मी करते. त्या म्हणाल्या, "तू कर. पण पेट खाली राखण्यानं तुझं काम नाही भागणार. तिनं चार महिने माझा नेम राखला, आणि तू तिला दार दाखवलंस. आधी तिथे जा."

हॉटेलला कुलूप लावायचं का, ते मी विचारलं नाही.

मी फार वाईट वागले. असं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी सातला स्टँडमागच्या खोलीवर गेले. नथ्थूभाऊ ड्युटीवर निघत होते. मला पाहून नेहमीसारखे हसले नाहीत, पण खुर्ची पुढे केली. शोभाताई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. भिंतीला सोऱ्या टांगलेला, पितळी, मूठ झिजलेली. कढई पालथी.

मी हात जोडले आणि म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्."

त्या म्हणाल्या, "ते तं मोबाईलवर उनं व्हतं ना, भाभी. मी अंगठा बी धाडा व्हता."

चेष्टा नव्हती. खरंच त्यांना वाटलं, एकदा झालं ते परत कशाला. मी खुर्चीवरून उठून खाली बसले. म्हटलं, "माझं चुकलं. शेवेत लसूण होता. आमच्याच दुकानच्या. तुम्हाला माहीत होतं?"

"पहिलाज रोज वास उना. मी म्हनं, जैन लोकेसना दुकाननी शेव, त्यासले आपन काय शिकाडाव? पन बाई जेवनार व्हत्यात. मन्हा जीव नही ऱ्हायना. चार मुठी पीठ, मन्हं काय जास?"

"मला एकटीला सांगायचं होतं."

"सांगं आसतं ते तुम्ही घर जाईसन मालकसंगे भांडत्यात. बाईनी तुम्हना हातनं जेवन सोडी दिधं आसतं. नि हॉटेल तव्हयज बंद. तुम्ही कितली खूश व्हत्यात. आज सांगसू, मंग सांगसू, करत ऱ्हायनी मी." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मंग कॅमेरा उना. मंग काय सांगू?"

मीही त्यांच्यापुढच्या तांदळातले खडे निवडायला लागले.

"तुम्हीबी इचारं नही, भाभी. चार महिना एक ओटावर. एक डाव डबा उघडीसन देखता, 'शोभाताई, हाई काय शे?' मी सांगी दिधं आसतं."

चहा झाला. माझा उपवास, मी घेतला नाही. त्यांना वाटलं राग आहे, मग सांगितलं. परत या, असं म्हणायला गेले होते, ते शेवटी उंबऱ्यावर म्हटलं. "देखसू," म्हणाल्या. बघू, एवढंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

शोभाताई आज आल्या. पाच दिवस मी जैन चूल बंद ठेवली होती. दोन बसेस तशाच परत गेल्या. बाईजींचं पारणं परवा झालं. कुलपाचं विचारलं तर म्हणाल्या, "पहली उण सूं पूछ." आधी तिला विचार.

कॅमेरा मी सकाळीच काढला. भिंतीला दोन भोकं राहिली आहेत. एकात खिळा मारून त्यांनी सोऱ्या टांगला. शेव आता इथेच पाडायची, माझ्यासमोर, आणि मीही शिकायची. आज माझी शेव तुकडे तुकडे पडली. त्या म्हणाल्या, "पीठ सैल करा. तुम्हना करारनागत घट्ट नका मळू." नथ्थूभाऊंना उद्यापासून झोप मिळेल.

मग करार. सातवं कलम मी नव्याने लिहिलं: जैन चुलीवर जाणारा माल कुणाच्याही दुकानचा असो, दोघींनी उघडून पाहायचा, आणि शंका आली तर त्याच दिवशी तोंडावर विचारायची. बाईजींनी मान हलवली.

मी कागद आणि पेन पुढे केलं. शोभाताईंनी पेन बाजूला ठेवलं. कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या कलमापासून वाचायला लागल्या, बोट ठेवून, ओठ हलवत. तिसऱ्या कलमात अडल्या. 'अनिवार्य' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. सहाव्याचा अर्थ विचारला. तोही सांगितला. अकरा कलमं संपल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली. गॅसवरचं पाणी आटलं तेव्हा मी उठून तो बंद केला. दुसरं वाचन झाल्यावर त्यांनी सही केली.

रिषभला कळवलं. तो म्हणाला, "दोनदा वाचून सही? मम्मी, आता झाली तुमची खरी पार्टनरशिप."

झाली असेल. मला आखाजीची ती न वाचता केलेली सही दिवसभर आठवत राहिली.